राहेलम्मा टीचर वाक्य विसरतात

११ ऑगस्ट, सोमवार

हे लिहायला श्रीजाने लावलं. आमच्या नव्या कोर्सचा पहिलाच धडा असा आहे की, म्हाताऱ्या माणसांच्या घरी राहून त्यांची सेवा करणाऱ्या नर्सने रोज चार ओळी लिहाव्यात. पेशंट काय जेवला, झोपला का, कुणाशी बोलला. श्रीजा माझ्या कंपनीची एडिटर, म्हणजे खरं तर अर्धी कंपनीच. ती म्हणाली, "सर, आधी तुम्ही लिहून बघा. आपल्याला जे जमत नाही ते लोकांना शिकवायचं म्हणजे..." वाक्य अर्धवट सोडायची तिची सवय आहे.

तर पेशंट मी, चेरियान, वय एकोणपन्नास, मुक्काम तिरुवल्ला. जेवला: सकाळी ब्रेड, दुपारी हॉटेलचा भात आणि मासळीची आमटी. झोप: बरी. बोलला: श्रीजाशी, कॅमेरावाल्या बिनोयशी, ऑफिसखालच्या शिंप्याशी. बायकोचा, एल्सीचा, आयर्लंडहून फोन आला होता, पण तिला ड्यूटीवर निघायचं होतं.

'पडिप्पुरा' ही कंपनी काढून नऊ वर्षं झाली. रबर कारखान्यात हातमोजे कसे घालावेत, बँकेत आग लागली तर काय करावं, असले ऑनलाइन कोर्स आम्ही बनवत आलो. आता कोच्चीच्या एका होम-नर्स संस्थेने चोवीस धड्यांचं काम दिलंय. हे नीट झालं तर कंपनी उभी राहील. नाही झालं तर काय, हे आज लिहीत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

धड्यांत म्हातारीचं काम करायला बाई मिळत नव्हती. नाटकमंडळीतल्या दोघी आल्या, पण त्या अशा खोकायच्या की पहिल्याच धड्यात पेशंट दगावेल. शेवटी अनुमोलने सुचवलं. अनुमोल आमच्या धड्यांतली नर्स आहे, आणि खरीही. म्हणाली, "कावुंभागमला राहेलम्मा टीचर आहेत. मोतीबिंदूच्या वेळी मी होते त्यांच्याकडे. त्यांना अभिनय करावा लागणार नाही."

गेलो. केवढं घर, आणि दोन खोल्या सोडल्या तर सगळ्या खिडक्या बंद. टीचरनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. वय एक्याऐंशी. नवरा गेला, एक मुलगा ह्यूस्टनला, एक मेलबर्नला. मी संवाद वाचून दाखवायला लागलो तर म्हणाल्या, "ठेवून जा, बाळा. मी पुस्तक हातात धरून कधी शिकवलं नाही."

स्मरणशक्ती दांडगी दिसते. बरं झालं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कसलं बरं झालं. दिवसभरात एक धडा झाला नाही.

दृश्य साधं. अनुमोल आत येते, पडदा सारते, विचारते, "अम्मच्ची, झोप लागली का?" टीचरनी म्हणायचं, "हो पोरी, छान लागली."

टीचर म्हणाल्या, "नाही. पहाटेपासून छताकडे बघत पडलेय."

मी थांबवलं. "टीचर, छान लागली म्हणायचंय."

"पण लागली नाही ना."

"धड्यात लागली आहे."

"मग तुझ्या धड्यातली बाई दुसरी कुणीतरी दिसते."

पुन्हा घेतलं. या वेळी वाक्यच विसरल्या. पुन्हा घेतलं, तर मधेच आठवलं की गॅसवर तेल तापत ठेवलंय. मग सगळ्यांना पळमपोरी, म्हणजे केळ्याची भजी, आणि कोरा कट्टन चहा. केळी चांगली पिकलेली होती हे मान्य करायला हवं. बिनोयने पाच खाल्ली. तोवर प्रकाश गेला. "उद्या येणारच ना मग?" टीचरनी विचारलं. दुसरा इलाज काय?

२६ ऑगस्ट, मंगळवार

तेच. नर्स औषध देते तिथे टीचर तिला घरचं विचारत बसतात. वाक्य सांगितलं की मान डोलावतात, कॅमेरा सुरू झाला की विसरतात. मी श्रीजाला म्हटलं, विसरण्याचा आजार तर नसेल? बदलून टाकू का बाई?

"सर, तुम्ही फुटेज बघितलंत?"

"बघितलं की."

"वाक्य विसरतात तेव्हाचा त्यांचा चेहरा बघितलात?"

"चेहऱ्याचं काय?"

"काही नाही," म्हणाली, आणि कानाला हेडफोन लावले.

३० ऑगस्ट, शनिवार

एल्सीचा फोन. गॉलवेला पाऊस आहे. मुलीच्या, टेस्साच्या, शाळेत नाटक आहे. टेस्सा पडद्यावर आली, "हाय अप्पा" म्हणाली आणि गेली. तेरा वर्षांची झाली, उंच वाटते.

एल्सीने व्हिसाचा विषय काढला. गेल्या वर्षी तिनेच धडपड करून माझे कागद करून घेतले. डिसेंबरअखेर मी तिकडे पोचलो नाही तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. "आणि पहिल्यापासून मी करणार नाही, अच्चायन," म्हणाली. लग्नापासून ती मला अच्चायनच म्हणते. आवाज नेहमीसारखाच होता.

ठरलं असं होतं की त्या दोघी पुढे जातील आणि मी हातातलं काम उरकून सहा महिन्यांत जाईन. त्याला चार वर्षं झाली. पण कंपनी अशी अर्ध्यावर टाकता येत नाही, हे एल्सीला बाहेरून नाही कळायचं. मी म्हटलं, "हा कोर्स होऊ दे." डिसेंबर लांब आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

तिरुओणम्. ऑफिस बंद. सकाळी टीचरचा फोन: "कॅमेरा न घेता ये. पाच जणांखाली सद्येचं जेवण पाठवत नाही तो केटरर. पाच जणांचं मी एकटी काय करू?"

श्रीजा, बिनोय, अनुमोल आपापल्या घरी. मी एकटाच गेलो. केळीच्या पानावर अवियल, ओलन, दोन तऱ्हेची पायसं. टीचर वाढत होत्या आणि मी नको म्हटलं की ऐकू आलं नाही असं दाखवत होत्या.

मधेच एल्सीचा व्हिडिओ कॉल. तिने पान बघितलं. "कुणाकडे आहात?"

"शूटिंगच्या जागी."

"सणाच्या दिवशी?"

"काम आहे."

असं का म्हणालो कळत नाही. काम नव्हतं. फोन ठेवल्यावर टीचर म्हणाल्या, "बायको?" मी हो म्हटलं. त्यांनी आणखी पायसम वाढलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

तयार धडे एल्सीला पाठवतो. वृद्धाश्रमात काम करते, तिचं मत उपयोगी पडतं. खरं तर फोनवर आमचं जे काही बोलणं होतं ते आता याच विषयावर होतं. पूर्वी होत नव्हतं त्यापेक्षा बरं.

चौथ्या धड्याबद्दल म्हणाली, "नर्स 'जेवलात का' विचारते आणि उत्तर यायच्या आत पाण्याचा पेला उचलते. हे चूक आहे."

"एडिटिंगमध्ये वेळ कापलाय."

"तेच म्हणतेय. तुम्हीही तसंच करता."

"मी कुठे एडिटिंग करतो? श्रीजा करते."

ती म्हणाली, बस आली. मी श्रीजाला तिथे दोन सेकंद वाढवायला सांगितलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज विचित्र गोष्ट. बारावा धडा, पेशंट पडला तर काय करायचं. अनुमोल मधेच अडकली. बिछान्यात डोळे मिटून पडलेल्या टीचरनी तिचं वाक्य सांगितलं. पुढचंही सांगितलं. मग मी पाठीमागून जे निवेदन करतो तेसुद्धा, माझ्याच सुरात, पानभर. कुठे एक शब्द चुकला नाही.

"टीचर, तुम्हाला सगळं पाठ आहे?"

त्यांनी डोळे उघडले. "आज आहे."

बिनोय कॅमेऱ्यामागे हसायला लागला. अनुमोल खाली बघत चादर नीट करत राहिली. यात हसण्यासारखं काय? वयात स्मरणशक्ती अशी भरती-ओहोटीसारखी चालते. नवव्या धड्यात हा मुद्दा घालायला हवा.

७ ऑक्टोबर, मंगळवार

चोवीस धडे पूर्ण. आज टीचरकडचा शेवटचा दिवस होता. सामान आवरताना त्यांनी विचारलं, "आणि आता? दुसरा वर्ग नाही?"

घरी येताना वाटलं, कोर्समध्ये पेपर वाचून दाखवण्यावर धडा नाही. अंगणात फिरवण्यावर नाही. श्रीजाला सांगितलं, आणखी दोन-तीन धडे करू.

"करारात चोवीसच आहेत, सर."

"दर्जाचा प्रश्न आहे."

"कुणाच्या?" तिने विचारलं. कोर्सच्या, आणखी कुणाच्या? हल्ली ती तिरकं बोलते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कोच्चीला जाऊन आलो. संस्थेत नव्या बाई आल्या आहेत. तरतरीत, नम्र. माझा एक धडा अर्धा बघितला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण फार हळू चालतं, नाही? आजी किती वेळ घेतात बोलायला."

"म्हातारी माणसं घेतात, मॅडम."

"हो, पण बघणारी मुलगी तोवर मोबाईल बंद करेल." मग त्यांनी आपल्या पडद्यावर एक चेहरा दाखवला. गोरीपान नर्स, संगणकाने बनवलेली. पापण्या मिटते, हसते, मल्याळम बोलते, बटण दाबलं की हिंदी, बंगाली. "हिला आपण तुमचा मजकूर देऊ. तुमचा मजकूर फारच सुंदर आहे, चेरियान सर. तेवढाच आम्ही ठेवतो."

"आणि म्हातारी?"

"तीही बनवता येते."

त्यांनी ती बनवून दाखवली. पांढरे केस, चष्मा. नर्सने विचारलं, झोप लागली का. म्हातारी म्हणाली, छान लागली. पहिल्या झटक्यात.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं दोघांना, आता कंपनी चालणार नाही. बिनोय म्हणाला, लग्नसराई आहे, माझं भागेल. श्रीजा बराच वेळ नखाने टेबलाचा सनमायका खरवडत होती. मग म्हणाली, तिला कोच्चीत नोकरी मिळाली आहे. ओणमच्या आधीच.

"मग गेली का नाहीस?"

"कोर्स संपू दे म्हटलं." आणि जरा वेळाने, "तुम्ही संपवतच नव्हतात, सर."

२५ ऑक्टोबर, शनिवार

ऑफिसात मी एकटा. दिवसभर फोन वाजला नाही. संध्याकाळी उगाच खाली जाऊन शिंप्याला दिवे जातायत का विचारलं. त्याचे जात नव्हते. माझेही नव्हते.

एल्सीने घर घेतलंय. पुढच्या महिन्यात ताबा. दोन बेडरूम आहेत. एक तिची, एक टेस्साची, एवढं पुरतं म्हणाली. मी म्हटलं, बरं केलंस, झाडलोट कमी. तिने विचारलं, "आणखी काही म्हणायचं नाही?" मी खूप विचार केला आणि हीटर कसला आहे ते विचारलं.

कंपनीबद्दल तिला अजून सांगितलेलं नाही. नीट वेळ बघून सांगेन.

२ नोव्हेंबर, रविवार

टीचरना सांगायला गेलो. शब्द जुळवत होतो, तर त्याच म्हणाल्या, "नापास झालो वाटतं."

सांगितलं. सगळंच काढून टाकलं का, त्यांनी विचारलं. सगळंच. मग ते चित्रण आता कुठे जाणार? म्हटलं, माझ्याकडे राहील, कॉम्प्युटरमध्ये.

"मग ठीक. कुठेतरी आहोत."

त्यांचंही ठरलंय. कोळंचेरीजवळ एक वृद्धाश्रम आहे, अगदी हॉटेलसारखा. दोन्ही मुलगे एकाच फोनवर आले आणि आळीपाळीने त्याचे फायदे सांगत होते. "धाकटा जेवणाचे सांगत होता, थोरला डॉक्टरचे. शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत दोघंही बक्षीस मिळवायचे," टीचर म्हणाल्या. पंधरा तारखेला घराला कुलूप.

सामान हलवायला मी येतो म्हटलं. तेवढाच वेळ जाईल त्यांचा.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल टीचरना पोचवलं. आज पुन्हा गेलो, पंखा नीट आहे का बघायला. होता. तीन तास बसलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज गेलो तर टीचर व्हरांड्यात नकाशा उघडून बसलेल्या. शाळेचा जुना, कापडावर चिकटवलेला. तो सोबत आणलाय.

"तुझी बायको कुठे असते, दाखव."

मी आयर्लंडवर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट धरलं आणि डावीकडे सरकवलं, अगदी कडेपर्यंत. "हे गॉलवे. तू डब्लिनवर ठेवलं होतंस. पश्चिमेला राहते ती, समुद्राच्या तोंडाशी. वारा फार असेल. दारं-खिडक्या वाजत असतील."

"असतील."

"ती जेवते कधी?"

"ड्यूटीवर अवलंबून."

"ड्यूटी कधी संपते?"

मी नकाशावरून बोट उचललं. टीचरची सकाळची गोळी, दुपारची गोळी, गरम पाणी कधी लागतं, हे मला सगळं ठाऊक होतं.

त्यांनी नकाशाची घडी घातली. सावकाश, घडीवर घडी. म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येऊ नकोस. माझ्या जुन्या विद्यार्थिनी यायच्या आहेत."

"मग त्याच्या पुढच्या."

"तेव्हाही कुणीतरी आहे. डिसेंबर सगळा भरलाय माझा."

"सकाळी लवकर आलो तर?"

"चेरियान." आजवर मला नावाने कधी हाक मारली नव्हती. "वर्ग सुटला. घरी जा."

निघताना गेटपाशी वही असते, येणाऱ्याने सही करायची. राहेलम्मा टीचरच्या नावापुढे मी सोडून कुणाची सही नव्हती. म्हणजे त्या विद्यार्थिनी पहिल्यांदाच येणार असतील. इतकी वर्षं कुठे होत्या कोण जाणे. मला राग आला होता, आणि बसमध्ये तो नक्की कुणाचा ते शोधत बसलो. स्टँडवर उतरेपर्यंत सापडला नव्हता. घरी येऊन चहा टाकला आणि तो उतू जाताना बघत उभा राहिलो. डिसेंबर भरलाय म्हणे. त्यांचा फोनसुद्धा कधी वाजलेला मी ऐकला नाही.

त्या कुणाची वाट बघणार नाहीयेत. मला घालवलं त्यांनी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

एल्सीला कंपनीचं सांगितलं. ती म्हणाली, "श्रीजाने सांगितलं होतं मला. महिना झाला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

मी येतो म्हटलं. "बरं," म्हणाली. "येण्याआधी कळवा. ड्यूटी बदलून घ्यावी लागते."

१ डिसेंबर, सोमवार

ऑफिस रिकामं केलं. खुर्च्या शिंप्याने नेल्या. बिनोय पाटी उतरवायला आला होता, ती अर्धी गंजली होती म्हणून तिथेच ठेवली. एकेरी तिकीट काढलंय. परतीची तारीख ठरवता येत नव्हती, म्हणून. एल्सीला फक्त पोचण्याची वेळ कळवली.

टीचरना फोन केला. पाठीमागे सामसूम होती. "बोलू नकोस आता," म्हणाल्या, "पाहुणे बसलेत." आणि फोन ठेवलाच नाही. आम्ही दोघं तसेच बराच वेळ कानाला लावून होतो.

१० डिसेंबर, बुधवार, गॉलवे

वारा खरंच फार आहे. मी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतो. एल्सी सकाळी निघते तेव्हा पावलं न वाजवता जाते. मी जागा असतो, पण झोपल्यासारखा पडून राहतो, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. टेस्सा माझ्याशी मल्याळम बोलते, शब्द अडला की हात हलवते. काल तिला 'उशी' हा शब्द आठवत नव्हता. मी सांगितला नाही, मुद्दाम. तेवढीच ती थांबली जरा वेळ. तिने खोलीतून एक उशी आणून माझ्या सोफ्यावर ठेवली.

कधी परतणार, हे दोघींपैकी कुणीच विचारलेलं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

एल्सी डबा विसरून गेली. विसरून म्हणजे, केलाच नव्हता. मी भात, ताकाची मोरकरी आणि बीन्सचं तोरन केलं आणि पत्ता विचारत तिच्या वृद्धाश्रमात गेलो. आत बसायला सांगितलं. मोठ्या खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ होते, डोलन नावाचे, मांडीवर पांघरूण घेतलेले.

"कुणाला भेटायला आलास?"

"एल्सीला."

"भाऊ का?"

"नवरा."

त्यांनी मला खालून वर बघितलं. "तिला नवरा आहे होय? चार वर्षं मला मोजे घालतेय. सगळं सांगते. मुलीचं सांगते. घराच्या नळाचंसुद्धा सांगते."

मी डब्याचं झाकण उगाच दाबलं.

"मी लांब राहत होतो," म्हटलं.

"किती लांब?"

मी डबा मांडीवर सरळ केला. त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं.

एल्सी आली तेव्हा तिच्या हातात कुणाचा तरी स्वेटर होता. मला बघून दारातच थांबली. वाटलं, रागावेल. तिने स्वेटर डोलनच्या खांद्यावर टाकला, बटणं लावली, मग माझ्याजवळच्या खुर्चीत बसली आणि बूट सैल केले. तिचे पाय सुजलेले होते. मला हे माहीत नव्हतं. डबा उघडून ती जेवायला लागली, ड्यूटीवरची माणसं जेवतात तशी, भराभर. बाहेर कुठेतरी पत्रा आपटत होता.

चार-सहा घासांनी तिचा वेग कमी झाला.

"मी परतीचं तिकीट काढलेलं नाही," मी म्हटलं.

तिने वर बघितलं नाही. घास पुरा चावला, गिळला.

"मीठ कमी आहे, अच्चायन," ती म्हणाली, आणि उरलेला अर्धा डबा माझ्याकडे सरकवला. "बघा खाऊन."